जजसाहेबांनी परत आणलेला फराळ

आमच्या वरच्या मजल्यावर एक बेल्जियमचे गृहस्थ राहतात. तिकडे ते बरीच वर्षं जज होते. नंतर बँकांवर नजर ठेवायच्या सरकारी कामात गेले आणि त्यासाठीच इथे फ्रँकफर्टजवळ आले. हे मला नंतर कळलं. आधी एवढंच दिसायचं, की माणूस एकटा आहे आणि जिन्यात सगळ्यांना मान लववतो. मी चौथी शिकलेली, जर्मन येत नाही. खाली बघून निघून जायचे.

पण दिवाळीला शेजारी फराळ द्यायचा नाही, हे मला जमत नाही. मुलगा ऑफिसात असताना मी वर गेले, डबा त्यांच्या हातात ठेवला आणि जवळजवळ पळतच खाली आले.

दुसऱ्या दिवशी मुलगा पांढराफटक होऊन घरी आला.

"आई, वर काय देऊन आलीस?"

"चकल्या, लाडू. का रे?"

"सकाळी लिफ्टमध्ये भेटले. चकल्या छान होत्या म्हणाले, मग मी कुठे काम करतो ते विचारलं. अगं, आमच्याच बँकेची तपासणी करतात ते! ही लाच धरतील."

"चकलीची लाच?"

"गेनाऊ! अगदी बरोबर, चकलीची. माझी नोकरी गेली तर व्हिसाही जाईल."

तेवढ्यात बेल वाजली. दारात तेच, हातात उरलेल्या फराळासकट माझा डबा. मला वाटलं, आता नोकरी गेल्याचं सांगणार. मी मुलाच्या पाठीमागे सरकले.

ते सावकाश बोलत होते, मुलगा मराठीत सांगत होता. जज असताना त्यांनी सख्ख्या मावशीने पाठवलेली सफरचंदंसुद्धा परत केली होती, कारण तिच्या जावयाचा खटला कोर्टात होता. मावशी पुन्हा बोलली नाही. या वेळी मात्र न विचारता खाल्लं, चूक त्यांची. तसं त्यांनी ऑफिसात सांगून टाकलं होतं. तुमच्या मुलाचा काही दोष नाही, हेही सांगितलं होतं.

"म्हणजे नोकरी?" मी हळूच विचारलं.

"आहे गं. पण आमच्या बँकेचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं."

माझ्या डब्याने एवढ्या मोठ्या माणसाचं काम काढून घेतलं! मला त्यांच्याकडे बघवेना. खाली बघतच डबा घेतला.

ते गेल्यावर मुलगा खुर्चीत बसला.

"आता त्यांच्या जागी एक बाई येणार आहेत म्हणाले. ऑफिसात सगळे त्यांच्या नुसत्या नावाने टरकतात."

"कुठे राहतात त्या?" मी घाबरून विचारलं.