माझा अल्बम, अण्णांचे जबाब

माझा पहिला अल्बम प्रकाशित होण्याआधीच सासऱ्यांकडून हरला.

शब्द माझे, चाली माझ्या, गिटारही माझीच. ही गाणी आधी जवळच्या चार माणसांना ऐकवावीत म्हणून मांडवीतल्या आमच्या घरी मी एका संध्याकाळी छोटी बैठक ठेवली. (पुण्या-मुंबईकडे याला लिसनिंग सेशन म्हणतात. आमच्या शेजाऱ्यांनी फक्त "जेवण आहे की नुसता चहा?" एवढंच विचारलं.) मला खरं तर एकाच श्रोत्याची दाद हवी होती, माझ्या बायकोची. सायली आजवर माझं प्रत्येक नवं गाणं ऐकून "छान आहे. पाण्याचा पंप बंद केलास का?" एवढंच म्हणत आली आहे.

नेमके त्याच दिवशी लांज्याजवळच्या गावाहून अण्णा, म्हणजे माझे सासरे, मुक्कामाला आले. अण्णा शक्ती-तुऱ्यातले जुने शाहीर. त्यात एका पक्षाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जबाब द्यायचा. गप्प बसला तो हरला.

मी डोळे मिटून पहिलं गाणं म्हटलं. त्याची शेवटची ओळ, "सांग सागरा, ही लाट कुणाला शोधते?" त्यापुढे मी मुद्दाम शांतता ठेवली होती. त्या शांततेत अण्णांनी एक रिकामा डबा पुढे ओढला आणि ठेका धरला.

"लाट नाय शोधत कुनाला, भरतीची येळ झाली,
उचला बापू, वाळूत घातलेली सुकट भिजून गेली!"

माझ्या दुसऱ्याच ओळीला पेंगायला लागलेल्या शेजारच्या मयेकरकाकू खाडकन जाग्या झाल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या.

"अण्णा, तो प्रश्न नव्हता," मी म्हणालो.

"मंग काय व्हता?"

"तो... आतला आकांत होता."

"सवाल टाकलात जावईबापू. जबाब नाय दिला तर गावात तोंड कसं दाखवू?"

दुसरं गाणं माझ्या एकटेपणावरचं. "कोण उभं माझ्या बंद दाराशी?"

"सासू तुमची दाराशी उबी, हातात फणसाचे गरे,
किती येळ दार लावून बसाल, हे वागनं काय बरे?"

लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. मी घाईघाईने बिनप्रश्नाचं गाणं शोधू लागलो. अख्ख्या अल्बममध्ये एकही निघेना! आम्हा नव्या गीतकारांना कशाचंच उत्तर माहीत नसतं, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

तेवढ्यात सायली उठली आणि अण्णांच्या मागे जाऊन बसली. रेकॉर्डिंगच्या वेळी मी कोरससाठी तिच्या किती विनवण्या केल्या होत्या. "मला कुठे गाता येतं?" म्हणाली होती. आता वडिलांची ओळ ती अशी काही उचलून धरत होती की मी गिटार वाजवायचं विसरलो. खरं सांगतो, मी जळून कोळसा झालो. अण्णांचा हेवा वाटला, आणि त्या डब्याचासुद्धा.

निघताना मयेकरकाकूंनी गणपतीत अण्णांचा कार्यक्रम परस्पर ठरवून टाकला.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू पण ये रे. सवाल टाकायला कोणीतरी लागतंच."

अल्बम मी पुढे ढकलला आहे. सध्या अण्णांना जबाबच देता येणार नाही असा एक सवाल लिहिण्यात गुंतलो आहे. काल तो जमला. आधी सायलीला गाऊन दाखवला. कुकरची शिट्टी होईपर्यंत तिने विचार केला आणि जबाब दिला. माझ्याच चालीत, माझ्याहून सुरात.