वनाने न वाचलेलं वाक्य

वना कोतवाल नुसता खाकरला तरी गल्लीच्या टोकाला कळायचं, असा त्याचा आवाज. एरंडोलच्या पुढे, अंजनी नदीच्या अंगाला त्याचं हजारभर वस्तीचं गाव. बाप कोतवाल होता, तो डफ वाजवत दवंडी द्यायचा. वनाच्या वाट्याला ग्रामपंचायतीचा भोंगा आला आणि खिशात मोबाइल. रेशन कधी येणार, गुरांना लस कधी टोचणार, कोणाची म्हैस सुटली, सगळं गावाला त्याच्या तोंडून समजायचं.

त्याला वाढवलं ते बहिणीनं. भिकुबाई त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा वना सात वर्षांचा होता. बाहेरगावची दोन स्थळं आली, पण "भाऊ एकटा पडेल" म्हणून ती हटून बसली, आणि शेवटी गावातल्याच अभिमनच्या घरी तिला दिलं. वनाला स्वतःची बायकापोरं झाली तरी संध्याकाळी अक्काच्या ओट्यावर बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याची अर्धी भाकरी खाल्ल्याशिवाय त्याचा दिवस संपत नसे.

गेल्या काही वर्षांत वनाच्या कामात एक भर पडली होती. तालुक्याहून मोबाइलवर हवामानाचे इशारे यायचे. उन्हाळ्यात बारा ते चार बाहेर पडू नका, पावसाळ्यात विजा, वारं, गारा. सुरुवातीला वना एकेक अक्षर वाचायचा. पण ती भाषा कचेरीतली. 'आश्रय घेऊ नये', 'दक्षता बाळगावी' असलं ऐकून टपरीवरचा ललित हसायचा.

"वना नाना, पोथी सरनी का?"

शिवाय चार इशाऱ्यांतला एखादाच खरा ठरायचा. मग वनानं आपणहून वाचन आखूड केलं. लोकांना कळेल तेवढंच, त्यांच्या बोलीत, दोन वाक्यांत. गावालाही ते बरं वाटलं आणि त्यालाही.

ऑक्टोबरची गोष्ट. कापूस फुटून पांढरा झालेला, वेचणीची घाई. सकाळपासून अंगाची काहिली होत होती आणि दुपारी अडीचच्या सुमारास पारोळ्याच्या बाजूनं आभाळ काळंनिळं होऊन आलं. वना पंचायतीत बसला होता. मोबाइल वाजला. तीन तासांत विजांसह जोरदार पाऊस, सोसाट्याचा वारा. खाली सूचना होत्या, सात-आठ ओळी. त्यानं वरवर नजर फिरवली. दिवे मिणमिणत होते, लाइट कधी जाईल भरवसा नव्हता. त्यानं माइक ओढला.

"वावरमा शेतस त्या बठ्ठा लोके घर या! पानी येई राह्यनं, ईज पडी! बिगीन बिगीन निंघा!"

वावरातल्या सगळ्यांनी लगेच घरी या, वीज पडेल, एवढंच दोनदा ओरडून झालं आणि लाइट गेली. वनाला समाधान वाटलं. आवाज मळ्यांपर्यंत पोचला होता. बांधाबांधानं बायका गाठोडी उचलताना त्याला दारातून दिसत होत्या.

पाऊण तासानं, पाऊस ओसरत असताना, ज्योती धावत आली. भिकुबाईच्या शेजारची ती, दोघी एकाच वावरात कापूस वेचत होत्या. नखशिखांत भिजलेली, पायात चपला नाहीत.

"नाना, अक्का उठत नही…"

"कथं?"

"नाल्यावरना निंबखाल."

वना कसा पोचला ते त्याला पुढे कधी आठवलं नाही. निंबाची साल वरपासून खालपर्यंत सोललेली, आणि बुंध्याशी भिकुबाई कुशीवर निजल्यासारखी. गाठोडं तिनं पोटाशी धरलेलं. वनानं तिला हलवलं, हाका मारल्या. त्या हाका गावात ऐकू गेल्या म्हणतात.

ज्योतीनं रडत रडत सांगितलं ते असं. भोंगा ऐकताच दोघी निघाल्या. नाल्यापाशी पावसानं गाठलं. ज्योती म्हणाली पळू या. भिकुबाई म्हणाली, "तू जाय, कापूस वल्ला व्हई. मी जराशी थांबस." आणि ती झाडाखाली शिरली. ज्योती पुढे पळाली, आणि कडकडाट ऐकून मागे आली.

दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला आले. कोतवाल म्हणून टेपचं एक टोक वनालाच धरावं लागलं. झाडापासून अंतर किती, नाल्यापासून किती. तलाठी भला माणूस होता, त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "वनाभाऊ, गावात सूचना दिली होती ना?"

"दिली होती," वना म्हणाला.

तलाठ्यानं तसं लिहिलं. वनानं खाली सही केली.

त्या रात्री त्यानं मोबाइल काढून तो इशारा पुन्हा वाचला. चौथी ओळ होती: 'झाडाखाली आश्रय घेऊ नये.' त्याखाली, उघड्यावर सापडल्यास दोन्ही पाय जवळ घेऊन उकिडवे बसावे, डोके खाली घालावे, जमिनीवर आडवे पडू नये. वाचायला किती वेळ लागला असता? त्यानं मनात म्हणून पाहिलं. एक श्वास.

बायकोला त्यानं सांगितलं नाही. दहाव्याला नदीवर सगळे विधी आटोपले, माणसं पांगली, तेव्हा तो अभिमनजवळ जाऊन बसला. अभिमन डोकं भादरून उन्हात बसला होता.

"दाजी, माले एक सांगनं शे."

"सांग."

वनानं सांगितलं. सगळं, तलाठ्याला दिलेल्या उत्तरासकट. वनाला वाटलं, आता हा मारेल. मारलं तर बरं होईल.

"तू सांगं म्हनीसन ती निंघनी," अभिमन शेवटी म्हणाला. "नहीते तिले वावरमाईन कोन काढतं?"

त्याच्या सांगण्यावरूनच ती वावरातून निघाली, हे दूषण की समजूत, वनाला कळेना. अभिमनलाही कळलं नसावं. तो उठला, ओलं धोतर झटकलं आणि वनासाठी न थांबता घराकडे चालू लागला.

त्यानंतर वनानं अक्काच्या ओट्यावर जाणं सोडलं. तो वावरावावरातून फिरू लागला. दुपारच्या भाकरीला बायका जमल्या की तिथं जायचा, विजेचं सांगायचा, आणि उकिडवं कसं बसायचं ते स्वतः बसून दाखवायचा. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या डोकं गुडघ्यांत घालून बांधावर बसलेला बघून पोरी तोंडाला पदर लावायच्या. तो चिडत नसे. "आते तुम्ही बसा," म्हणायचा आणि सगळ्या बसेपर्यंत हलत नसे. ज्योती मात्र त्याच्या आधी बसायची, आणि मग कोणी हसायचं नाही.

जूनमध्ये पहिला इशारा आला. वनानं भोंगा लावला. आधी झाडाचं वाक्य सांगायचं ठरवून तो माइकसमोर उभा राहिला. भोंग्यातून गावाला फक्त त्याचा श्वास ऐकू गेला. मग त्यानं सांगितलं, सगळं सांगितलं, आठही ओळी, तीनदा.

पाऊस आलाच नाही. ढग आले तसे चोपड्याकडे निघून गेले, लख्ख ऊन पडलं. अर्धा दिवस वाया गेला म्हणून दोघातिघांनी त्याला टपरीवर सुनावलं. ललितनं त्यांना गप्प केलं. वना बाहेर पडला.

घरी जाताना अक्काच्या गल्लीतून जाणं त्याला टाळता आलं नाही. दुसऱ्या वाटेवर गटाराचं खोदकाम चाललं होतं. ओट्यावर अभिमन बसला होता. पायांना ओली माती, खुरपं बाजूला. भोंगा ऐकून तोही वावरातून आला होता.

वना मान खाली घालून पुढे निघाला.

"वना," अभिमननं हाक मारली. "भाकर मन्हाघाई नीट व्हत नही. कच्ची ऱ्हास. खाशी का?"

वना ओट्यावर बसला. भाकरी खरंच कच्ची होती, कडेला करपलेली. दोघांनी ती अर्धी अर्धी खाल्ली.