ड्रमवाल्याच्या बाह्या

जुन्या ब्रिटिश फौजेतल्या ड्रमवाल्याच्या कोटाचा फोटो मी मोबाइलवर अब्बूंना दाखवला, तेव्हा ते जेवत होते. लाल कोट, शिवणीशिवणीवर पांढरी फीत, फितीत विणलेले छोटे मुकुट, खांद्यांवर पंखांसारख्या झालरी आणि बाह्यांवर मनगटापासून वरपर्यंत तिरप्या पट्ट्यांची रांग. साध्या शिपायाला एवढा थाट नव्हता. हुकूम ड्रमवरून जायचा, म्हणून लढाईच्या धुरात ड्रमवाला चटकन दिसायला हवा, असं मी वाचलं होतं. हे सगळं मी एका दमात सांगून टाकलं. एरवी घरात माझा आवाज फारसा नसतो.

अब्बू दारव्ह्यात लग्नाच्या बँडचे ड्रेस शिवतात. त्यांचे दोस्त, ज्यांना मी चाचा म्हणते, आपल्या बँडमध्ये स्वतः ड्रम वाजवतात. त्यांना नवे कोट हवे होते.

"एक बनवून पाह्य," अब्बू म्हणाले. "त्याले पटला तं सारे असेच."

मुकुटांऐवजी मी पांढऱ्या फितीवर लाल धाग्याच्या चांदण्या भरल्या. चाचांनी कोट घातला, आरशात स्वतःकडे वळूनवळून पाहिलं, मग काठ्या उचलल्या.

"मास्टर, कोट शिवला का प्लास्टर चढवलं? हातच वाकून नाही राह्यला!"

फीत ताणली जात नाही आणि मी ती बाही टेबलावर सपाट पसरून शिवली होती. अब्बूंचा हात नेहमीच्या कोटांना लावायच्या सोनेरी गोटा-किनारीकडे गेला.

"चाचा, काढू नका," मी म्हणाले. "वाजवा."

"कायवर?"

"टेबलावर."

कोपरावरचे पट्टे मी भराभर उसवले. चाचा ठेका धरून बसले, आणि हात वाकला की कापड जिथवर ताणलं जायचं, तिथवर मी नवी फीत सैल ठेवून टाचत गेले.

"टोचू नको बेटा, बेताल होईन."

"तुले बेताल व्हायले टाचणी कायले पाह्यजे?" अब्बू म्हणाले.

मशीनवर शेवटचा टाका पडताच चाचा कोट चढवून थेट दुकानाबाहेर गेले, ड्रम गळ्यात अडकवला आणि सुटले. पांढरे पट्टे नुसते उडत होते! रस्त्यावरची माणसं थांबली, समोरचा चहावाला भांडं हातात घेऊन बाहेर आला.

"मास्टर, बाकीचे कधी?" चाचा न थांबता ओरडले.

"मले नको इचारू. हिले इचार."

"शनिवारी," मी म्हणाले. कुणालाच ऐकू गेलं नाही. मी दारात आले आणि भर रस्त्यात ओरडले, "शनिवारी!"