ससा बिळात राहत नाही

सूर्य पूर्वेला उगवतो ही एक गोष्ट सोडली, तर आमच्या घरमालकांनी आयुष्यात कशावरही विश्वास ठेवलेला नाही. आणि सूर्याचीही खात्री ते पावसाळ्यात देत नाहीत. भुकूमला त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहायला आलो त्याला सहा वर्षं झाली. मी मूळचा परभणीचा, नोकरी हिंजवडीला. करार झाला, सामान लागलं, आणि पंधरा दिवसांनी परभणीहून वडिलांचा फोन आला, "अरे, एसटीचा कोणी ड्रायव्हर घरी येऊन, तू खरंच माझा मुलगा आहेस का, असं विचारून गेला." मी खाली जाऊन घरमालकांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "बरं झालं इचारलं. आता तुमी पक्कं."

त्यांनी गेटावर कॅमेरा बसवला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच कॅमेऱ्याखाली खुर्ची टाकून बसू लागले. कारण विचारलं तर म्हणाले, "कॅमेरा गेटाकडं बघतोय, पण कॅमेऱ्याकडं कोण बघणार?" आमच्या नावानं पार्सल आलं की ते आधी कानाला लावून ऐकतात. मोबाइलवर पावसाचा अंदाज दाखवला, तर "ह्यो फोन कंदी शेतात गेलाय का?" असा प्रश्न येतो. पिरंगुटच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजायला दंडाला पट्टा गुंडाळायला घेतला, तेव्हा यांनी हात मागे घेतला. "आदी तुमचा मोजा. मशीन बरं चालतंय का बघू." डॉक्टरांनी हसत हसत स्वतःचा मोजला आणि त्यांचं हसू गेलं. तेव्हापासून आमचे घरमालक दर महिन्याला दवाखान्यात जातात, ते डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत की नाही हे पाहायला.

अशा माणसाला बरोबर घेऊन सहलीला जायचं माझ्या मनातही नव्हतं. आमची ओवी दुसरीत आहे. मुलांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या एका बाईंची पुस्तकं ती झोपतानाही उशाशी घेते. त्या बाई शेवटची काही वर्षं कोळवणच्या बाजूला राहिल्या आणि त्यांच्या पश्चात त्या घराचं संग्रहालय झालं. एका रविवारी डबा भरून मी, बायको अनुजा आणि ओवी निघालो, तर गेटावर चौकशी झाली. मी बाईंचं नाव सांगितलं. घरमालकांचा चेहरा एकदम करडा झाला.

"तिकीट किती हाय?"

"तिकीट नाही काका, मोफत आहे."

"फुकाट? मग येतो मी बी. फुकाट कशापायी दाखवत्यात ते बघाया पायजे." आणि चपला बदलून ते पुढच्या सीटवर येऊन बसले. वाटेत फोनमधली बाई 'आता डावीकडे वळा' म्हणाली, आणि डावीकडचा रस्ता बरोबर निघाला, याचा त्यांना जास्तच राग आला. "हिला कोळवण कुणी दावलं?"

संग्रहालय म्हणजे भाताच्या खाचरांना लागून असलेलं एक बैठं कौलारू घर. दाखवायला तिथली एक तरुण मुलगी होती. चष्मा, चहाचा कप, लिहायचं टेबल असं एकेक ती कौतुकानं दाखवत होती, आणि आमचे घरमालक पोलीस पंचनाम्याला आल्यासारखे तिच्या मागून चालत होते. टेबलापाशी ते थांबले. "शाईचे डाग डावीकडं कशे? माणूस उजव्या हातानं लिवतो."

"बाई डावखुऱ्या होत्या, काका," ती मुलगी म्हणाली. "तुम्ही विचारेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं."

घरमालकांनी डागावर बोट घासून बघितलं आणि मगच ते पुढे निघाले.

शेवटच्या खोलीत मुलांनी बाईंना पाठवलेली पत्रं काचेखाली लावली होती. ओवी एकेक मोठ्यानं वाचत चालली होती. एका पिवळ्या पडलेल्या पोस्टकार्डाशी येऊन तिनं वाचलं, "'बाई, तुमच्या गोष्टीतला ससा बिळात शिरला. ससा बिळात राहत नाही. तो गवतात दबून बसतो. तुम्ही ससा पाहिलेला नाही, असा मला संशय आहे. तरी खुलासा करावा. एक वाचक, इयत्ता चौथी.'"

अनुजा हसू लागली. मीही हसलो आणि 'संशय' हा शब्द ऐकून सहज मागे वळलो. घरमालक मुलांसाठी ठेवलेल्या बुटक्या खुर्चीवर बसले होते. गुडघे छातीशी आले होते.

"खोटं हाय," ते म्हणाले. "कुणीतरी नक्कल केलीया. मागचा शिक्का दावा मला."

त्या मुलीनं काच उघडून कार्ड उलटं केलं. शिक्का पुसट होता, पण 'पौड' वाचता येत होतं. घरमालकांनी ते दोन्ही हातांनी धरलं. मग म्हणाले, "म्हंजी टाकलं व्हतं तिनं."

"कोणी, काका?"

"अक्कानं."

मग सगळं बाहेर आलं. घरमालक चौथीत असताना गुरुजींनी वर्गात मासिकातली ती गोष्ट वाचून दाखवली होती. यांचं अक्षर यांना स्वतःलाच लागत नसे, म्हणून यांनी सांगितलं आणि मोठ्या बहिणीनं लिहिलं. ती पौडच्या शाळेत जायची, तेव्हा पेटीत टाकायचं कामही तिच्याकडे. उत्तर आलं नाही. अक्कानं कार्ड फाडून फेकलं असणार, असं यांनी ठरवलं. तिला तसं विचारलं मात्र कधीच नाही. फक्त त्यानंतर तिच्यावर कशाचाही भरवसा ठेवला नाही. आई दवाखान्यात होती तेव्हा अक्का म्हणाली, मी बसते, तू घरी जाऊन पड. हे उठले नाहीत. चार दिवस बहीणभाऊ एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून राहिले.

"पण बाई प्रत्येक पत्राला उत्तर द्यायच्या," मुलगी म्हणाली. "हे बघा, कडेला त्यांनी लाल पेन्सिलीनं काय लिहिलंय. 'मुलाचं बरोबर आहे. पुस्तकात घेताना ससा गवतात.' आणि खाली, 'उत्तर कुठे पाठवू? पत्ता नाही.' काका, तुम्ही पत्ताच लिहिला नव्हता."

"मुद्दामच न्हाई लिवला," घरमालक खालच्या आवाजात म्हणाले. "अनोळखी बाईला घराचा पत्ता कशाला द्यायचा?"

कार्डाखालच्या पट्टीवर 'अनामिक वाचक' असं होतं. तिथे तुमचं नाव लिहू का, असं मुलीनं विचारलं. ते म्हणाले, "अक्काचं लिवा. अक्षर तिचं हाय."

परतताना त्यांनी गाडी उरवड्याला, अक्काच्या सासरी घ्यायला लावली. अक्का दारात सुपात तांदूळ निवडत बसली होती. भाऊबीज नसताना भाऊ दारात उभा पाहून तिनं सूप खाली ठेवलं. "काय झालं? कोण गेलं?"

"कोण न्हाई. तू पत्र टाकलं व्हतंस."

"कंचं पत्र?"

त्यांनी ससा, बाई, पौड सगळं सांगितलं. अक्कानं खूप आठवून पाहिलं. "न्हाई बाबा ध्यानात. साऱ्या आळीची पत्रं मीच टाकायची. तुजं कंचं त्ये कसं सांगू?"

"मी तुला खोटी समजत व्हतो."

"कवाधरनं?"

"चौथीपासनं."

अक्कानं सूप बाजूला सारलं. "आन् मला वाटायचं, मी लगीन करून हितं आले म्हणून रुसलास. येडा. एकदा इचारायचं तरी."

घरमालक तिच्या शेजारी उंबऱ्यावर टेकले. मग आमच्याकडे न बघताच म्हणाले, "सायेब, तुमी व्हा म्होरं. मी ऱ्हातो आज हितं."

ओवीला झोप आली होती. मी गाडी वळवली. आरशात दोघं उंबऱ्यावर शेजारी बसलेले दिसत होते. अक्का हात हलवून काहीतरी सांगत होती आणि आमचे घरमालक मध्ये काही न विचारता ऐकत होते.