नाट्यातला नापास चिबूड

"अवो, सुरी ठेवा! तो खायचा नाय!"

नाटे गावात आम्ही ज्यांच्या पडवीत बसलो होतो, त्या हमीदाचाची आमच्यासाठी गूळ-पाणी आणायला आत गेल्या होत्या. त्या ओरडत बाहेर येईतो आमच्या डॉक्टर सबनिसांनी पडवीत टांगलेला चिबूड (पावसाळ्यात पिकणारं कोकणी खरबूज) उतरवून चिरला होता आणि रसाचा थेंब गोडी मोजायच्या यंत्रावर टाकून निकालही लावला होता. "नापास," म्हणाले आणि बी गाभ्यासकट कोंबड्यांपुढे फेकलं.

हे डॉक्टर माणसांचे नव्हेत, खरबुजांचे. गोडी, वास, जीवनसत्त्वं, रोगाशी झुंजायची ताकद, हे गुण गावोगावच्या वेलींत हुडकायचे आणि संकरातून नवं वाण काढायचं, हा त्यांचा उद्योग. मी सोबतीला, म्हणजे चाखायला. अणुस्कुरा घाटाने मला असं पिळलं की राजापुरात दोन इंच उंच होऊन उतरलो. तिथून नाट्यापर्यंत गुळाशी इतके चिबूड खाल्ले, की मी शिंकलो तेव्हा चिबडाच्या वासाने चार घरच्या बाया गूळ घेऊन बाहेर आल्या.

चाची पायरीवर बसल्या होत्या. वेलीवरचं सगळ्यात चांगलं फळ इथे कुणी खात नाही, शिंक्यात टांगून बियाण्यासाठी मुरवतात. हे बी चाचींना सासूकडून आलेलं. बाकीची फळं यंदा कोल्ह्यांनी फस्त केली, हंगाम संपून वेलही वाळला.

"आख्ख्या वाडीच्या वेलींवर भुरी पडते, पानं पांढरी होतात," त्या म्हणाल्या. "माझीच तेवढी शेवटपर्यंत हिरवी राहतात."

भुरी न लागणारा वेल! डॉक्टर सहा वर्षं तोच शोधत होते. पुढच्या क्षणी परीक्षकसाहेब चिखलात रांगत कोंबड्यांच्या चोचींशी झटापट करू लागले. एका कोंबडीची त्यांनी शास्त्रीय नावाने विनवणी केली, हे मी शपथेवर सांगतो. सतरा बिया मिळाल्या. चाचींनी नखाने दाबून पाहिल्या. सगळ्या पोचट. फळ अजून आठ दिवस टांगायचं होतं.

उरली एकच आशा. हेच बी चाचींनी लेकीला लग्नात दिलं होतं, तिचं सासर वेळणेश्वराकडे. पण नाट्यात दोन दिवस रेंज नव्हती. चाचींनी लेकीचा नंबर दिला, आम्हा गुन्हेगारांना बांगडे तळून वाढले आणि निघताना हळूच म्हणाल्या, "मिळालं तर चार बिया मला पण धाडा."

परतताना राजापुरात रेंज आली. आपण शिकलेली माणसं गोडी मोजायला यंत्र नेतो, पण कापण्याआधी विचारायला तोंड नेत नाही, असं माझ्या मनात चाललं होतं. डॉक्टरांनी फोन लावला आणि आवाजात सगळी अदब ओतून आईच्या चिबडाचं बी मागितलं.

"तो वेल कधीच बंद केला," लेक म्हणाली. "आता दुकानातलं, पाकिटातलं बी लावतो."