बटणाचा कॅमेरा

फोनवर माझं बोट चालत नाही. जन्मभर सुई आणि इस्त्री धरून बोटांची टोकं राठ झाली आहेत. मी दाबते, फोन ढिम्म. जोरात दाबलं तर भलतंच काहीतरी उघडतं. घरातले हसतात आणि वर शिकवायला येतात.

म्हणून मी मुलाचा जुना कॅमेरा वापरते. त्याने हौसेने घेतला, पुढे मोठा घेतला आणि हा कपाटात टाकला. मुठीएवढा आहे, लेन्स बदलता येते, बटण दाबलं की फोटो निघतो. माझ्याकडून शिवून जाणाऱ्या प्रत्येक ब्लाउजचा गळा त्यात असतो. ब्लाउज गेला की नमुना गेला, पुढच्या गिऱ्हाइकाला काय दाखवू? यात रेशमाचा जांभळा जांभळाच दिसतो. फोनमध्ये तो निळा होतो आणि बायका माझ्याशी भांडतात.

ऐन दसऱ्याच्या कामात त्याची बॅटरी फुगली.

"अम्मा, कंपनीने हे कॅमेरे कधीच बंद केले. बॅटरी कुठून आणू? सुम्ने उगाच हट्ट करू नको, फोन वापर."

"फोनला माझी बोटं चालत नाहीत, ते तुझ्या कंपनीला सांग."

त्याला घेऊन दुकानं पालथी घातली. एकाने कॅमेरा उलटसुलट करून विचारलं, "अज्जी, हा नातवाचा का?" मी तो त्याच्या हातातून काढून घेतला. शेवटी एका दुरुस्तीवाल्याने गावाबाहेरच्या हिनकलमधल्या एका गृहस्थांचा पत्ता दिला. ते असलेच बंद पडलेले कॅमेरे जमवतात. मुलाने फोन लावला तर त्यांच्याकडे दोन बॅटऱ्या होत्या, पण बदल्यात त्यांना या कॅमेऱ्याबरोबर घेतलेली आमची लांब लेन्स हवी होती. मी ती कधी लावलीसुद्धा नव्हती.

मुलगा रिक्षात कुरकुरला. "कितीतरी महाग आहे ती. विकायला ठेवली होती."

"किती वर्षं विकतोयस?"

त्याने लेन्सची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

त्या गृहस्थांनी लेन्स खिडकीकडे धरली, फिरवली, पुन्हा धरली. त्यांचं बघणं संपेचना. मी म्हटलं, "बघून झालं असेल तर बॅटऱ्या द्या, घरी काम पडलंय."

"जपून वापरा," ते म्हणाले. "आणखी माझ्याकडे नाहीत."

मुलगा अजून धुसफुसतोय. मी एक बॅटरी चार्ज केली आणि दाराला टांगलेल्या सगळ्या ब्लाउजांचे फोटो काढून घेतले. दुपारी बायका न्यायला येणार होत्या.