लाभपंचमीचा पहिला घाणा

केमिकल इंजिनिअर म्हटल्यावर नात्यातल्या बायका हर्षिदाला फरशीवरचे डाग कशाने जातील ते विचारायच्या. ती सांगायची, "मासी, घासल्याने."

कॉलेजात तिला रसायनं कमी आणि उष्णता कुठून कुठे पळते हेच जास्त शिकवलं होतं. वाटीतली डाळ फुंकर मारली की निवते, पंगतीचं पातेलं मात्र आतून धगधगतच राहतं. एवढं ज्याच्या अंगी मुरलं तो इंजिनिअर, बाकी नुसती पदवी, असं तिचं मत होतं. ते ती कोणालाही ऐकवायची, आणि म्हणून फार जणांना आवडायची नाही.

अंकलेश्वरच्या एका रंगांच्या कारखान्यात तिचे केस पिकत आले होते. प्लांटचे मोठे साहेब दिवाळीला निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीवर कोण बसणार, ते वल्लभशेठ लाभपंचमीला जाहीर करणार होते. हर्षिदा, नाहीतर शेठचा भाचा निकुंज. हर्षिदाला ती खुर्ची हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर लाभपंचमीला कारखाना उघडला की मुहूर्तावर रंगाचा पहिला घाणा काढायचा, ही जुनी रीत. शेठच्या पत्नी जशोदाबा नवी साडी नेसून वरच्या मजल्यावर आल्या आणि त्यांनी नव्या रिअ‍ॅक्टरला, रंग शिजवायच्या त्या अजस्र भांड्याला, कुंकू लावलं. ऑपरेटर ठाकोरभाई नारळ घेऊन उभा होता. हर्षिदा मात्र थर्मामीटरपाशी.

"बेन, चोपड्यांची पूजा झाली," ठाकोरभाई म्हणाला, "आता तुमच्या थर्मामीटरलाही कुंकू लावू का?"

ती हसली नाही. आत अ‍ॅसिड पडलं की भांडं तापतं, आणि बाहेरून फिरणारं मिठाचं गार पाणी ती उष्णता ओढून घेतं. दिवाळीभर ते गार करणारं यंत्र बंद होतं. पाणी अजून कोमटच होतं.

"सोडा अ‍ॅसिड," शेठ म्हणाले. "मुहूर्त टळतोय."

"पाणी गार नाही शेठ. दुपार होईल."

"इतकी वर्षं मुहूर्तावर काढतोय. कधी काही झालं?"

"तेव्हा भांडं लहान होतं."

"अहो, शकुनापुरतं सोडा!"

"शकुनापुरतंसुद्धा तापतं, शेठ. सोडलेलं परत घेता येत नाही."

"मी असतो तर एव्हाना सुरू झालं असतं, मामा," निकुंज मागून हळूच म्हणाला.

शेठनी हर्षिदाकडे रोखून पाहिलं. हो म्हटलं तर बहुधा काहीच झालं नसतं. पण त्या 'बहुधा'वर एवढी माणसं उभी करायला तिचं मन धजेना.

"आधी बांना खाली पाठवा," ती म्हणाली, "मग बोलू."

"जा गं, गाडीत बस जरा," शेठ पटकन बोलून गेले.

बा हातातलं ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. ठाकोरभाईने नारळ खाली ठेवला.

"शेठ, मग मीपण बांबरोबर जातो. माझीही बायको घरी वाट बघतेय."

निकुंज जिन्याकडे बघत होता. शेठनी रुमालाने कपाळ पुसलं आणि ते तडक खाली निघून गेले.

दुपारी पाणी गार झालं. हर्षिदाने अ‍ॅसिडची धार बारीक सोडली, काटा जागचा फारसा हलला नाही, घाणा नीट निघाला. चहाच्या वेळी शेठनी सगळ्यांसमोर खुर्ची निकुंजला दिली. हर्षिदाने टाळ्या वाजवल्या. फार लागलं तिला, डोळे भरून आले, म्हणून ती वर जाऊन पुन्हा थर्मामीटरपाशी उभी राहिली.

जिन्यात पावलं वाजली. अर्ध्या जिन्यात जशोदाबा थांबल्या होत्या, हातात प्रसादाची वाटी. मागे शेठ होते, नवे साहेब होते. बांनी मागे वळून पाहिलं नाही.

"हर्षिदा," त्यांनी खालूनच विचारलं, "आता वर येऊ का गं?"